साडेतीन सीसी आणि एक तास

नायट्रो बग्गीच्या जागतिक अजिंक्यपदाची अंतिम फेरी पूर्ण एक तास चालते. गाडी एक अष्टमांश मापाची, हातभर लांब, नियमाप्रमाणे किमान ३.२ किलो वजनाची. इंजिन साडेतीन सीसीचे आणि टाकी १२५ मिलिलिटरची. एवढ्या इंधनात आठ ते दहा मिनिटे निघतात, म्हणजे तासाभरात पाच-सहा वेळा तरी पिटमध्ये यावे लागते. चालक उंच मचाणावर रिमोट घेऊन उभा असतो. खाली त्याचा साथीदार गाडी उचलतो, टाकीचे झाकण उघडून बाटलीने इंधन भरतो आणि काही क्षणांत गाडी परत मातीत सोडतो. एवढ्या सगळ्यात इंजिन एकदाही बंद पडता कामा नये. पडले तर कोणीतरी धावत जाऊन गाडी आणायची, स्टार्टर बॉक्सवर ठेवायची, ग्लो प्लगला बॅटरी लावायची आणि चाक फिरवायचे. तोवर बाकीचे चालक एखादी-दुसरी फेरी पुढे गेलेले असतात.

या गाडीच्या ट्यूनिंगचा सगळा विचार या तासाला धरून करावा, असे माझे ठाम मत आहे. नवीन माणूस सर्वांत वेगवान एक फेरी देणारे सेटिंग शोधत बसतो. ते सापडतेही, पण इंजिनाला काठावर नेऊन. दहाव्या मिनिटाला ते तापते, विसाव्याला आवाज बदलतो आणि तिसाव्याला गाडी मैदानाच्या मधोमध उभी राहते. हातात येणारी गाडी शेवटच्या फेरीतही पहिल्या फेरीसारखी वागली पाहिजे. त्यासाठी इंजिनात नेमके काय चालले आहे हे कळायला हवे.

सुरुवात इंधनापासून करू. या टाकीत पेट्रोल नसते. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण असते. तेल साधारण दहा टक्के, नायट्रोमिथेन १६ ते ३० टक्के आणि उरलेले मिथेनॉल. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो मिथेनॉलला साडेसहा किलोच्या आसपास पुरते, आणि नायट्रोमिथेनला केवळ १.७ किलो, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन बांधलेला असतो. किलोमागे मिळणारी उष्णता पाहिली तर नायट्रोमिथेन पेट्रोलच्या पाव हिश्शाइतकेच आहे. पण इंजिनाची अडचण वेगळी असते. सिलिंडरमध्ये हवा ठरावीकच मावते, आणि त्या ठरावीक हवेत नायट्रोमिथेन इतके जास्त जाळता येते की एकूण उष्णता पेट्रोलच्या दुपटीहून अधिक निघते. साडेतीन सीसीतून दोन अश्वशक्तींहून जास्त ताकद आणि मिनिटाला ३५,००० च्या वर फेरे मिळतात, त्यात या रसायनाचा मोठा हात आहे.

मिथेनॉलचे कामही कमी महत्त्वाचे नाही. त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता लागते, आणि ती उष्णता ते इंजिनाकडूनच घेते. म्हणजे इंधन आत येता येता इंजिन थंड करते. शिवाय बेअरिंगांना आणि पिस्टनला वंगण मिळते तेही त्याच इंधनात मिसळलेल्या तेलातून. हे नीट ध्यानात ठेवावे, कारण पुढे नीडल फिरवताना याच गोष्टीवर इंजिनाचा जीव अवलंबून असतो. इंधन कमी केले की थंडावा आणि वंगण दोन्ही एकदमच कमी होतात.

हे इंधन हाताळताना मात्र हलगर्जीपणा नको. मिथेनॉल हे जहाल विष आहे. २०१५ साली मुंबईत मालवणीला ज्या दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, तिच्यात हेच होते. ते कातडीतूनही शरीरात जाते, म्हणून भरताना हातमोजे घालावेत, आणि इंजिन कधीही बंद खोलीत चालवू नये. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागल्याचे हात भाजेपर्यंत कळत नाही. नायट्रोमिथेन स्फोटके बनवायलाही वापरता येते. त्यामुळे युरोपियन युनियनने २०२१ पासून सर्वसामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेनचे इंधन विकायला बंदी घातली. तिकडच्या चालकांना आपली जुनी सेटिंग्ज त्यामुळे नव्याने बसवावी लागली.

आता हे इंधन पेटते कसे? या इंजिनात स्पार्क प्लग नाही, कॉइल नाही, ठिणगी कधी पडावी हे ठरवणारी कसलीही यंत्रणा नाही. डोक्यावर बसवलेल्या ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार गुंडाळलेली असते. सुरू करताना तिला दीडेक व्होल्टची बॅटरी लावून लाल करायचे. एकदा इंजिन चालू झाले की बॅटरी काढून घेतात आणि तार तरीही तापलेली राहते. दाबाची आणि जळणाची उष्णता तिला मिळते, आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची वाफ आली की तिथल्या तिथे अभिक्रिया होऊन आणखी उष्णता निघते. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये असा प्लग बाजारात आणला आणि मॉडेल विमानांवरचे कॉइल-बॅटरीचे ओझे एका झटक्यात गेले. बग्गीतला प्लग त्याच वंशातला.

ठिणगी नसल्याचा अर्थ असा की मिश्रण कोणत्या क्षणी पेटेल हे तीन गोष्टींवर ठरते: प्लग किती गरम जातीचा आहे, दाब किती आहे आणि मिश्रणात इंधन किती आहे. नायट्रोचे प्रमाण वाढवले की मिश्रण लवकर पेटू लागते. मग सिलिंडर हेडखाली ०.१ मिलिमीटरची आणखी एक पातळ चकती टाकून दाब थोडा उतरवतात. उन्हाळ्यात किंवा जास्त नायट्रोला थंड जातीचा प्लग, हिवाळ्यात गरम जातीचा, हा साधारण रिवाज. शर्यतीनंतर प्लग काढून तार पाहिली तर बरेच काही कळते. तार अजून चमकदार आणि ओलसर असेल तर इंधन भरपूर जात होते. करडी पण सरळ असेल तर मिश्रण ठीक होते. वाकडी, खडबडीत किंवा तुटलेली असेल तर कुठेतरी उष्णता किंवा दाब जास्त झाला आहे.

नवे इंजिन आणल्यावर पहिल्या काही टाक्या तरी त्याला रन-इन करावे लागते, आणि इथे फार चुकीचे सल्ले फिरतात. या इंजिनात पिस्टनला रिंगा नसतात. पिस्टन जास्त सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचा आणि बाही पितळेची, आतून क्रोम चढवलेली. बाही वरच्या टोकाला किंचित अरुंद केलेली असते, त्यामुळे थंड इंजिनात पिस्टन वर गेला की घट्ट अडकतो. गरम झाल्यावर पितळ पिस्टनपेक्षा जास्त फुगते आणि दोघांत हवी तेवढीच फट राहते. म्हणजे हे इंजिन थंड असताना घट्ट आणि तापल्यावर बरोबर बसणारे, असेच बनवलेले आहे. ‘नवे इंजिन थंडच चालवा, भरपूर इंधन सोडा, तापू देऊ नका’ हा सल्ला रिंगवाल्या इंजिनांवरून आला असावा. तो पाळला तर अरुंद टोक पहिल्याच टाकीत घासून जाते आणि इंजिनाचा दाब कायमचा गेला म्हणून समजा. सुरू करण्याआधी हीट गनने सिलिंडर चांगला गरम करावा, मिश्रणात इंधन थोडे जास्त ठेवावे, पण हेडचे तापमान ९० ते १०० अंश सेल्सियसच्या खाली रेंगाळू देऊ नये. थंड हवेत त्यासाठी हेडच्या फिनांवर फॉइल गुंडाळतात. एक-एक टाकी संपवून इंजिन थंड होऊ द्यायचे आणि पुन्हा तापवायचे. या चढउतारात धातू आपली जागा घेतो.

कार्ब्युरेटरवर मुख्यतः तीन स्क्रू असतात. हाय स्पीड नीडल पूर्ण रेस दिल्यावर किती इंधन जाईल ते ठरवते. लो स्पीड नीडल आयडलिंगपासून पिकअपपर्यंतचे बघते. आयडल स्क्रू स्लाइड पूर्ण बंद झाल्यावर किती फट उरेल ते सांगतो. ही फट मिलिमीटरच्या आतबाहेर असते. नीडल घड्याळाच्या दिशेने फिरवली की इंधन कमी होते, त्याला लीन करणे म्हणतात. उलट फिरवली की रिच. एका वेळी एक नीडल आणि तीही पूर्ण फेऱ्याच्या बाराव्या हिश्शाने, म्हणजे घड्याळातला एक तास सरकेल इतकीच. दोन्ही नीडल एकदम हलवल्या की कशामुळे काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

कंपनीने दिलेले सेटिंग मुद्दाम रिच असते. तिथून सुरुवात करावी, इंजिन दोन-तीन मिनिटे मैदानावर फिरवून पुरते तापवावे आणि मगच नीडलला हात लावावा. थंड इंजिन रिच असल्यासारखे वागते. त्याला पाहून नीडल लीन केली की तापल्यावर घात होतो.

आधी हाय स्पीड नीडल. लांब सरळ पट्ट्यावर पूर्ण रेस द्या आणि बघा. गाडीमागे धुराची जाड रेघ, आवाज भरभर फुटलेला, वेग पुरता चढत नाही, तर इंधन जास्त आहे. थोडे थोडे लीन करत गेले की आवाज एकसंध आणि उंच होत जातो. धूर बारीक होतो, पण दिसत राहिला पाहिजे. याच ठिकाणी बहुतेकांचा हात थांबत नाही, कारण आणखी एक तास लीन केल्यावर आवाज आणखी गोड होतो. मग पट्ट्याच्या शेवटी गाडी अचानक दम टाकल्यासारखी मंदावते, धूर नाहीसा होतो आणि रेस सोडल्यावर आयडलिंग वरच अडकून राहते. ही धोक्याची खूण. सर्वांत उंच आवाज जिथे मिळाला तिथून एक-दोन तास मागे, रिचच्या बाजूला यावे. फेरीला किंचित वेळ जास्त लागेल, पण इंजिन तासभर टिकेल.

मग लो स्पीड नीडल. याची जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची परीक्षा म्हणजे इंधनाची नळी चिमटणे. आयडलिंगवर असताना कार्ब्युरेटरजवळ नळी दाबून धरा आणि मोजा. दोन-तीन सेकंद तसेच चालून आवाज किंचित चढला आणि इंजिन बंद पडले तर नीडल बरोबर आहे. बराच वेळ चालत राहून आवाज खूप चढला तर रिच आहे, आणि दाबताच पडले तर लीन. दुसरी परीक्षा प्रत्यक्ष गाडीने द्यायची असते. वीस-तीस सेकंद आयडलिंगवर उभी ठेवा आणि झटक्यात रेस द्या. धूर ओकत, गुरगुरत, अडखळत सुटली तर तळाशी इंधन साचते आहे. धूर न काढता एकदम गप्प झाली तर इंधन पोचतच नाही.

आयडल स्क्रू शेवटी. लो स्पीड नीडल रिच असताना इंजिन पुन्हा पुन्हा बंद पडते, आणि त्याला जगवण्यासाठी लोक आयडल वाढवत जातात. हा इलाज सोपा वाटतो आणि फार नुकसान करतो. उंच आयडलिंगला क्लच पूर्ण सुटत नाही, वळणावर गाडी ढकलली जाते, ब्रेक तापतात आणि मुळातला दोष झाकून राहतो. आयडल खाली आणा, नीडल नीट करा. बहुतेकदा इंजिन आपोआप शांत चालते.

हेडचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने प्लगजवळ मोजतात. १०० ते १२० अंश ही सर्वसाधारण पट्टी. पण हा आकडा साधायचे लक्ष्य मानू नये. एकच सेटिंग गार सकाळी १०० दाखवेल आणि दुपारी ११८, आणि दोन्ही वेळा इंजिन तंदुरुस्त असेल. आवाज, धूर आणि पिकअप या तिघांनी जे सांगितले त्याला तापमानाने दुजोरा द्यावा, एवढेच त्याचे काम. एका टाकीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान मात्र जरूर ताडून पाहा. टाकीला एक्झॉस्टमधून नळीने दाब दिलेला असतो, आणि टाकी रिकामी होत आली की मिश्रण किंचित लीन होते. भरल्या टाकीवर काठावर केलेले सेटिंग शेवटच्या दोन मिनिटांत काठाच्या पलीकडे जाते. अर्ध्या टाकीवर सेटिंग करून पूर्ण टाकीभर तपासावे.

हवामानाचा प्रश्न याच हिशेबातला. हवा गरम झाली, दमट झाली किंवा उंचीमुळे विरळ झाली की सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी येतो आणि तीच नीडल रिच वाटू लागते. थंड, कोरड्या, दाट हवेत उलट. २०१० चे जागतिक अजिंक्यपद थायलंडमध्ये पटायाला झाले, समुद्रकाठच्या दमट हवेत, आणि अमेरिकेच्या कोडी किंगने जिंकले. २०१६ चे लास वेगासला, सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या वाळवंटात. ते स्वीडनच्या डेव्हिड रोनेफॉल्कने नेले. या दोन ठिकाणी एकच सेटिंग चालणे शक्य नाही. आपल्याकडे मुंबईचा चालक घाट चढून पुण्याला आला, तर सुमारे ५६० मीटर उंचीवर त्याला जवळपास सहा टक्के विरळ हवा मिळते. नीडल थोडी लीन करावी लागेल. उतरताना मात्र ती परत रिच करायला विसरला, तर मुंबईच्या दाट हवेत पिस्टन बसायला वेळ लागणार नाही. माझा नियम असा की शंका आली तर रिच. रिच चुकले तर धूर होतो, लीन चुकले तर नवे इंजिन घ्यावे लागते.

एक्झॉस्ट पाइपचा फुगीर आकार ज्यांनी आरएक्स १०० मोटरसायकल चालवली त्यांच्या ओळखीचा असेल. बग्गीचे इंजिनही टू-स्ट्रोकच, आणि टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडर नव्या मिश्रणाने भरताना त्यातले काही एक्झॉस्टमधून निसटते. पाइपच्या निमुळत्या टोकावरून उलटलेली दाबाची लाट पोर्ट बंद होण्याच्या आत परत आली, तर निसटलेले मिश्रण ती पुन्हा आत लोटते. लाट किती वेळात परत येणार हे पाइपच्या लांबीवर ठरते. आखूड पाइप वरच्या फेऱ्यांना साथ देतो, लांब पाइप खालच्या पिकअपला. वळणावळणाच्या मैदानावर मी लांबच घेईन, कारण तिथे पिकअप तर मिळतोच आणि इंधनही कमी लागते.

इंजिनाबद्दल इतके बोलून झाले, तरी फेरीची वेळ सर्वांत जास्त टायर ठरवतात. कठीण निळसर मातीला आखूड, दाट पिना. भुसभुशीत ओल्या मातीला उंच, विरळ. रबर मऊ तर पकड जास्त, पण झीज भराभर, आणि तासभर टिकेल असेच निवडावे लागते. टायर रिमला सुपरग्लूने चिकटवलेले असतात. चिकटवण्याआधी रिमची कड अल्कोहोलने पुसायला विसरले, की वळणावर टायर निघून हातात येतो.

बग्गीच्या चारही चाकांना ताकद जाते, म्हणून डिफरेन्शियल तीन: पुढे, मध्ये, मागे. त्यांत सिलिकॉन तेल भरतात. जितके दाट तेल, तितकी दोन बाजूंची चाके एकमेकांना बांधली जातात. पुढे ७,०००, मध्ये ७,०००, मागे ५,००० सेंटिस्टोक हा अनेकांचा आरंभबिंदू. मधले तेल पातळ केले की जोरात रेस दिल्यावर ताकद हलक्या झालेल्या पुढच्या चाकांतून वाया जाते. पण खडबडीत मैदानावर गाडी शांत होते, चालकाचा हातही शांत राहतो. दाट केले की गाडी तीरासारखी सुटते आणि तितकीच चिडते. मागचे तेल पातळ केले की वळणात शिरताना मागची पकड वाढते.

शॉकमध्ये दोन गोष्टी आहेत: तेल आणि पिस्टनची भोके. हळू दबताना तेलाचा दाटपणा जाणवतो. उडी मारून गाडी आदळते तेव्हा तेल बारीक भोकांतून निघू शकत नाही, पिस्टन अडतो आणि गाडी तळावर आदळायची वाचते. म्हणून मोठ्या उड्यांच्या मैदानावर भोके बारीक करून तेल पातळ घेतात. खाचखळग्यांच्या मैदानावर मोठी भोके आणि दाट तेल. उन्हात तेल पातळ होते, तेव्हा उन्हाळ्यात एक पायरी दाट. राइड हाइट मोजण्याआधी गाडी वीतभर उचलून सोडावी, म्हणजे शॉक आपल्या नैसर्गिक जागी बसतात. मग चेसिस पुढे-मागे २६ ते २८ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. मागच्या चाकांचा टो-इन साधारण ३ अंश असतो. तो कमी केल्यास सरळ पट्ट्यावर वेग वाढतो आणि वळणातून निघताना मागचा भाग सुटतो. हा सौदा मला कधीच पटलेला नाही.

शर्यत संपल्यावरचे काम टाळू नये. टाकी पूर्ण रिकामी करून इंजिन पुन्हा सुरू करावे आणि नळीतले उरलेसुरले इंधन जाळून टाकावे. मिथेनॉल हवेतले पाणी शोषते, नायट्रोच्या जळणातून आम्लही राहते. रात्रभर ते आत राहिले की बेअरिंगला गंज चढतो. मग प्लग काढून आफ्टर-रन तेलाचे काही थेंब टाकावेत, फ्लायव्हील चार-सहा वेळा फिरवावे आणि पिस्टन तळाशी येईल अशा जागी थांबवावे. गरम इंजिनात पिस्टन वरच्या अरुंद टोकात ठेवून दिला, तर थंड होताना बाही त्याच्यावर आवळते. यासाठीच अनेक जण फ्लायव्हीलवर खूण करून ठेवतात.

शेवटचे काम एअर फिल्टरचे. स्पंजच्या दोन थरांना फिल्टर तेल लावलेले असते आणि मैदानाची धूळ तिथेच अडते. प्रत्येक शर्यतीनंतर तो धुवावा, वाळवावा, पुन्हा तेल चोळून बसवावा. बसवण्याआधी कार्ब्युरेटरच्या गळ्यात आतून बोट फिरवून पाहावे. बोटाला बारीक माती लागली, तर रबरी गळपट्टी सैल झाली आहे आणि इंजिन मोकळ्या फटीतून हवा ओढते आहे. अशा इंजिनाची नीडल कितीही फिरवली तरी सेटिंग जागेवर राहणार नाही. आधी गळपट्टी बदला, फिल्टर नीट बसवा, आणि मग हाय स्पीड नीडलपासून सगळे पुन्हा सुरू करा.